उलट्या गंगेचे प्रवासी

काशीच्या घाटावर पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या मराठी यात्रेकरूला गंगा वाहते आहे की थांबली आहे, हे पटकन सांगता येत नाही. शिंदे घाट, भोसले घाट, अहिल्याबाईंचा घाट, अशा आपल्याच माणसांनी बांधलेल्या पायऱ्या उतरून तो पाण्यात हात घालतो, द्रोणातला दिवा सोडतो. दिवा हळूहळू सरकू लागतो तेव्हा कुठे पाणी चालते आहे याची खात्री पटते. आणि तो सरकतो तोही उत्तरेकडे, कारण काशीला गंगा वळण घेऊन पुन्हा हिमालयाकडे तोंड करते. मग तांब्याच्या गडूत पाणी भरून, तोंडाला डाख लावून तो गडू घरी आणायचा, मावंदे घालायचे, आणि पुढे वर्षानुवर्षे तो देव्हाऱ्यात ठेवून द्यायचा. त्या गडूतले पाणी काशीला पोचण्याआधी कोणत्या घळीतून उड्या मारत आले, किती कातळांवर आपटले, असा प्रश्न गडू घेणाराही विचारत नाही आणि देणाराही सांगत नाही.

हा प्रश्न घेऊन काही मंडळी 1977 च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात काशीला आली होती. ती आगगाडीने नव्हे, पाण्यातून आली, आणि तीही उलट्या दिशेने. बंगालच्या उपसागराच्या काठच्या गंगासागराहून निघालेल्या त्यांच्या तीन नौकांची नावे होती 'गंगा', 'किवी' आणि 'एअर इंडिया'. दोन्ही काठांवर बघ्यांची ही गर्दी! वाटेतल्या गावोगाव तेच दृश्य. कारण पुढच्या नौकेत बसलेला सहा फुटांहून उंच, रापलेल्या चेहऱ्याचा गृहस्थ कोण आहे, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक होते. 1953 साली तेनझिंग नोर्गे यांच्यासह एव्हरेस्टच्या माथ्यावर पहिल्यांदा पाऊल ठेवणारे ते सर एडमंड हिलरी.

मोहिमेचे नाव होते 'सागरापासून आकाशापर्यंत'. समुद्राच्या पातळीवर नौकेत बसायचे, गंगेच्या प्रवाहाविरुद्ध जितके वर जाता येईल तितके नौकेने जायचे आणि नदी नौकेला घेईनाशी झाली की पायी चालत हिमालयाचे एखादे शिखर गाठायचे, असा तो बेत. हिलरी तेव्हा 58 वर्षांचे होते. बरोबर 22 वर्षांचा मुलगा पीटर होता, न्यूझीलंडचे जुने गिर्यारोहक सोबती होते. भारताच्या बाजूने होते कॅप्टन मोहनसिंग कोहली, 1965 च्या यशस्वी भारतीय एव्हरेस्ट मोहिमेचे नेते. आणि जिम विल्सन नावाचे एक न्यूझीलंडचे विद्वान होते. गिर्यारोहक, नौका चालवण्यात वाकबगार आणि पूर्वी काशीतच राहून हिंदू धर्माचा अभ्यास केलेले. परक्या देशातल्या माणसाला 'हर हर गंगे'चा अर्थ कोणी समजावून सांगायचा, ही अडचण त्यामुळे या तुकडीला फारशी पडली नसावी.

पण या मोहिमेला साहसाखेरीज आणखी एक पदर होता. 31 मार्च 1975 रोजी काठमांडूहून उडालेले एक छोटे विमान कोसळले आणि त्यात हिलरींची पत्नी लुईस आणि सोळा वर्षांची धाकटी मुलगी बेलिंडा या दोघीही गेल्या. शेर्पांच्या मुलखात फाफलू इथे हिलरी रुग्णालय बांधत होते. त्या दोघी त्यांनाच भेटायला निघाल्या होत्या. त्यानंतरची दोन वर्षे त्यांनी कशी काढली असतील याची कल्पनाच केलेली बरी. तेव्हा काशीच्या पायऱ्यांशी नौका लागल्या, पूजाअर्चा झाली, गळ्यात झेंडूचे हार पडले, तेव्हा हा माणूस काही नुसता विक्रमवीर नव्हता. मणिकर्णिकेवरचा धूर त्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि शेजारी आईवेगळा झालेला तरुण मुलगा. आपल्याकडे अशा वेळी वडीलधारी माणसे म्हणतात, 'एकदा काशीला जाऊन या.' हा माणूस काशीच्या पुढे निघाला होता.

काशीच्या पुढे म्हणजे कुठे, हे कळायला नदीचा उतार समजून घ्यायला हवा. काशीपासून हल्दियापर्यंतचा जलमार्ग 1390 किलोमीटरचा, आणि एवढ्या लांब वाटेत गंगा उतरते जेमतेम साठ-सत्तर मीटर. किलोमीटरमागे दोन-तीन बोटे! हरिद्वारपासून काशीपर्यंतच्या हजारेक किलोमीटरमध्ये हा उतार होतो किलोमीटरमागे साधारण वीतभर. आणि ऋषिकेशच्या वर, नंदप्रयागपर्यंतच्या दोनशेहून थोड्या कमी किलोमीटरमध्ये तोच होतो किलोमीटरमागे दीड पुरुष. पाणी तेच, पण मैदानात रांगणारी गंगा तिथे धावते. त्याहीवर, जिथे लहान ओढे कड्यांतून उतरतात, तिथे किलोमीटरमागे वीस-वीस मीटर, म्हणजे सहा-सात मजली इमारतीएवढा उतार सहज मिळतो. तिथे नदी धावतही नाही, ती पायऱ्या-पायऱ्यांनी पडते.

अशा पडत्या पाण्यात नाव घालणारी माणसे जगात आहेत. त्यांची नाव म्हणजे कयाक. मूळची उत्तर ध्रुवाकडच्या शिकारी लोकांची ही नाव हाडालाकडाच्या सांगाड्यावर कातडे ताणून केलेली असायची. आता ती जाड प्लॅस्टिकची असते. कड्यातल्या ओढ्यांसाठी केलेली कयाक जेमतेम आठ-नऊ फूट लांब, टोकांना गोलसर आणि पोटाने फुगीर असते. बसणारा तिच्यात कमरेपर्यंत रुततो आणि भोवती रबरी घागऱ्यासारखे आवरण घट्ट बसवतो, म्हणजे पाणी आत येत नाही. हातात दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे, डोक्यावर शिरस्त्राण. नाव उलटली तर बाहेर पडायचे नाही, डोके खाली असतानाच वल्हे फिरवायचे आणि कमरेच्या एका हिसक्याने नावेसकट सरळ व्हायचे. हे ज्याला झोपेतसुद्धा जमते, त्यानेच कड्यातल्या ओढ्याकडे बघावे.

तरी या विद्येचे खरे मर्म ताकदीत नाही. काशीचा मल्लाह प्रवाहाविरुद्ध नाव नेताना नदीच्या मध्यातून कधीच जात नाही. तो काठाला बिलगून वल्हवतो, कारण काठाशी ओढ कमी असते. एखादा बुरूज पाण्यात पुढे आला असेल, तर त्याच्या आडोशाला पाणी चक्क उलटे, वरच्या दिशेने फिरत असते आणि ते नावेला फुकट पुढे ढकलते. हेच पाणी डोंगरातल्या प्रत्येक मोठ्या धोंड्यामागे असते. कयाकवाला अशा एका आडोशातून दुसऱ्या आडोशात उडी घेतल्यासारखा जातो, तिथे थांबतो, श्वास घेतो, पुढचे पाणी न्याहाळतो आणि मगच निघतो. घाटावरच्या निरक्षर नाविकाची आणि परदेशातून लाखाची नाव घेऊन आलेल्या खेळाडूची मुळाक्षरे एकच आहेत.

हिलरींच्या नौका मात्र कयाक नव्हत्या. त्या होत्या जेटबोटी, आणि त्यांची कथा एका मेंढपाळ शेतकऱ्याच्या घरात सुरू होते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बिल हॅमिल्टन नावाचे एक हरहुन्नरी गृहस्थ मोठी मेंढवाडी चालवत. तिथल्या नद्या रुंद, उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या. साध्या मोटारबोटीचा पंखा गोट्यांवर आपटून तुटायचा. हॅमिल्टननी पंखाच काढून टाकला. बोटीच्या तळातून पाणी आत ओढायचे, पंपाने त्याला रेटा द्यायचा आणि मागून नळकांड्यातून जोरात बाहेर फेकायचे. पाणी मागे जाते, बोट पुढे. ही गोष्ट 1950 नंतरच्या पाच वर्षांतली. अशी बोट वेगात असली की पायाचा घोटा बुडेल एवढ्या पाण्यावरूनही निघून जाते आणि फवारा वळवला की जागच्या जागी फिरते. बिल यांचे चिरंजीव जॉन हॅमिल्टन यांनी 1960 साली अमेरिकेतल्या कोलोराडो नदीवर, ग्रँड कॅन्यनच्या घळीतून उलट्या दिशेने बोट चढवून दाखवली होती. गंगेवरच्या मोहिमेत मुख्य चालक तेच होते आणि त्यांचा मुलगा माइकही सोबत होता. हिलरींनीही 1968 साली नेपाळच्या सूनकोशी नदीवर जेटबोटींचा अनुभव घेतला होता. थोडक्यात, मंडळी कच्ची नव्हती.

काळही विचारपूर्वक निवडला होता. हिवाळ्यात गंगा आटते आणि धोंडे वर येतात. भर श्रावणात ती कोणालाच जवळ येऊ देत नाही. म्हणून पावसाळा ओसरतानाचा सुमार, म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. तरी अंदाज तो अंदाजच. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1978 मध्ये काशीला गंगेचा आजवरचा सर्वात मोठा पूर आला. पाणी 73.9 मीटरच्या खुणेला लागले, धोक्याच्या पातळीहून अडीच मीटरपेक्षाही वर. मोहीम एक वर्ष उशिरा निघाली असती, तर कदाचित घाटाच्या पायऱ्याच तिला दिसल्या नसत्या!

काशी, प्रयाग, मग हरिद्वार. मैदान संपले, तेव्हा पाण्याचा रंगही बदलला. गढूळ तपकिरी पाण्याच्या जागी हिरवट-करडे गार पाणी आले आणि त्यात पांढरे पट्टे दिसू लागले. या पांढऱ्या पाण्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण दुरून सुंदर दिसणारा तो फेस म्हणजे खरा धोका आहे. पाणी पांढरे दिसते ते त्यात हवा मिसळल्यामुळे. हवा मिसळली की पाणी हलके होते. त्याच्यावर नाव नेहमीसारखी तरंगत नाही, पोहणाराही खाली जातो, वल्ह्याला धरायला काही मिळत नाही आणि जेटबोटीचा पंप पाण्याऐवजी फेस ओढू लागतो. इंजिन कर्कश ओरडते, पण बोटीचा जोर ओसरतो, आणि तेही नेमके जिथे जोर हवा तिथेच.

दुसरा धोका त्याहून फसवा. पाणी एखाद्या पायरीवरून खाली पडते, तेव्हा तळाशी जाऊन पुन्हा वर येते आणि पृष्ठभागावरून मागे, पायरीकडेच वळते. म्हणजे पायथ्याशी पाण्याचा एक आडवा रहाट फिरत राहतो. त्यात सापडलेली वस्तू, मग ते ओंडके असोत, नाव असो की माणूस, पुढे जायचे नाव घेत नाही. आपल्याकडच्या लहानशा बंधाऱ्यांखालीही हा रहाट असतो. वरून दिसते ते जेमतेम कमरेएवढी पडणारी पाण्याची चादर, आणि पट्टीचे पोहणारे तिथे बुडतात. गावकरी म्हणतात, 'डोहाने ओढून घेतले.' ओढणारा डोह नसतो, हा रहाट असतो.

हे बघायला हिमालय गाठण्याची गरज नाही. निघोजला कुकडी नदीच्या पात्रात बेसॉल्टच्या कातळाला पडलेले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना फिरणारे पाणी गोट्यांच्या साथीने दगडही कसा कोरते हे वेगळे सांगायला नको. मग माणसाची काय कथा! 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात वर्षासहलीला गेलेले एक कुटुंब खडकावर उभे होते. वरच्या डोंगरात पाऊस झाला, पाणी वाढले आणि काही मिनिटांत त्या कुटुंबातली एक स्त्री आणि चार मुले वाहून गेली. किनारा हाकेच्या अंतरावर होता. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे आपण शाळेत शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. गुडघाभर पाणीसुद्धा मोठ्या माणसाला उभे राहू देत नाही, ते यामुळेच.

याउलट, शिकवणारा बरोबर असेल आणि पाणी ओळखीचे असेल, तर याच खेळात मजाही आहे. कोलाडजवळची कुंडलिका नदी आता राफ्टिंगसाठी सगळ्यांना माहीत झाली आहे. तिचे पाणी मूळचे मुळशी धरणाचे, ज्या धरणासाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला त्या धरणाचे. पूर्वेकडे भीमेला मिळून बंगालच्या उपसागराला जायचे ते पाणी टाटांच्या वीजघरासाठी सह्याद्रीच्या पश्चिमेला भिऱ्याला खाली सोडले जाते आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळते. वीज तयार करून पाणी सुटले की सकाळी नदी भरते आणि दुपारपर्यंत पुन्हा ओसरते. त्यामुळे इथल्या तराफ्यांचे वेळापत्रक पावसापेक्षा वीजघर ठरवते! सह्याद्रीच्याच दक्षिणेला, केरळातल्या कोझिकोड जिल्ह्यात, भर पावसाळ्यात चालिप्पुळा आणि इरुवंजिप्पुळा या खडकाळ ओढ्यांवर 2013 पासून कयाकच्या स्पर्धा होत आल्या आहेत. देशोदेशीचे खेळाडू तिथे येतात. कड्यातले ओढे सह्याद्रीत काही कमी नाहीत. महाराष्ट्रातल्या पोरांनी त्यात उतरण्याआधी तिथे जाऊन शिकून यावे हे उत्तम.

हिलरींच्या नौका ऋषिकेश सोडून वर निघाल्या तेव्हा मात्र ओळखीचे पाणी संपले होते. आज तिथे उन्हाळ्यात हजारो पर्यटक तराफ्यात बसून खाली येतात. ब्यासीजवळच्या एका धारेला 'द वॉल', म्हणजे भिंत, असे नाव पडले आहे आणि अनुभवी वाटाडेही पुष्कळदा तिथे प्रवाशांना उतरवून काठाने चालवतात. पण 1977 मध्ये तिथे ना वाटाडे होते ना नकाशे, आणि नौका खाली येत नव्हत्या, वर चढत होत्या. प्रत्येक धारेखाली थांबायचे, कोणीतरी धोंड्यांवरून चढून वरचे पाणी बघून यायचे, पाण्याची जीभ कुठे गुळगुळीत आहे आणि फेस कुठे आहे याची मनात खूण बांधायची, आणि मग जॉन हॅमिल्टन पुढे. काठावरच्या लोकांना वाटायचे, बोट लाटेत गडप झाली. पुन्हा नाक वर यायचे. देवप्रयागला भागीरथी डावीकडे सोडून ते अलकनंदेत वळले. श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग. बद्रीनाथला जाणारे यात्रेकरू बसच्या खिडक्यांतून वाकून बघत होते. ज्या नदीला ते वरून नमस्कार करत होते, तिच्या पोटातून माणसे वर येत होती.

नंदप्रयागला ही चढाई थांबली. नंदाकिनी आणि अलकनंदा यांच्या संगमाजवळ दोन कड्यांच्या चिमट्यात नदी एका धबधब्यावरून खाली पडते. उंची फार नाही. काशीच्या घाटाच्या एका बुरुजाहूनही कमी. पण सगळी अलकनंदा त्या चिमट्यातून पडते, वर जायला जीभ नाही, आडोसा नाही, नुसता फेस आणि रहाट. तीन नौका, कोलोराडो चढलेला चालक, एव्हरेस्ट चढलेला नेता आणि मागे समुद्रापर्यंत पसरलेली दोन हजार किलोमीटरहून जास्त वाट. अशा वेळी 'एकदा बघू तर खरे' म्हणण्याचा मोह किती असेल! त्यांनी पाणी पाहिले आणि नौका तिथेच ठेवल्या.

पांढऱ्या पाण्यातल्या माणसांना या निर्णयात पराभव दिसत नाही. तो त्यांच्या खेळाचा भागच आहे. 2002 च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या स्कॉट लिंडग्रेन यांच्या नेतृत्वाखाली सात कयाकवाल्यांनी तिबेटातल्या सांगपोची, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेची, वरची घळ पार केली. जगातल्या सर्वात खोल घळींपैकी ती एक. पण तिथल्या मोठ्या धबधब्यांशी ते झुंजले नाहीत. कयाक पाठीवर बांधून ते बर्फाळ खिंड चढले. याच नदीवर त्याआधी, 1998 मध्ये डग गॉर्डन हा कसलेला अमेरिकी कयाकपटू वाहून गेला होता. 1976 मध्ये, म्हणजे हिलरींच्या आदल्याच वर्षी, माइक जोन्स या तरुण ब्रिटिश डॉक्टरने एव्हरेस्टच्या पायथ्याकडून येणारी दूधकोशी कयाकने उतरून नाव कमावले होते. जिथे पाणी जीवघेणे, तिथे त्या तुकडीनेही नावा उचलून नेल्या होत्या. दोनच वर्षांनी काराकोरममधल्या ब्राल्डू नदीत तो बुडाला. स्वतःच्या धाडसापायी नव्हे, अडचणीत सापडलेल्या सोबत्याला वाचवायला गेला म्हणून. हिशेब कितीही चोख असला, तरी मित्र पाण्यात दिसला की तो चुकतो. त्याला चूक तरी कसे म्हणायचे!

नंदप्रयागला हिलरींचा हिशेब चोख निघाला. पुढे मात्र तसे झाले नाही. तिथून मोहीम बद्रीनाथला पोचली आणि ठरल्याप्रमाणे शिखराकडे चालू लागली. पाच हजार मीटरच्या वर गेल्यावर हिलरी आजारी पडले. विरळ हवेत काहींच्या फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साठू लागते. डोके ठणकते, धाप लागते, भान सुटते आणि त्यावर मुख्य उपाय एकच, लगेच खाली उतरणे. हिलरींना हे नवे नव्हते. 1961 मध्ये मकालूवर त्यांना सौम्य पक्षाघाताचा झटका आला होता आणि फार उंचीवर जाऊ नका असा सल्ला त्यांना डॉक्टरांनी दिलेला होता. तरीही ते वर गेले. पाणी गर्जना करते, फेस दाखवते, थांब म्हणते. शरीर मात्र अशा वेळी फारसा आवाज करत नाही. शिवाय मागे दोन वर्षांपूर्वीचे दुःख आणि पुढे मुलगा, अशा वेळी कोणता बाप खालच्या तळावर बसून राहील?

सोबत्यांनी त्यांना तिथे ठेवले नाही. भान हरपत चाललेल्या त्या भल्यामोठ्या देहाला बर्फावरून, खडकांवरून ओढत, आधार देत त्यांनी खाली आणले. पीटर त्या तुकडीत होता. आई आणि बहीण गमावलेल्या त्या मुलाच्या मनात त्या उतारावर काय आले असेल ते त्याचे त्यालाच ठाऊक. खाली हवा दाट झाली तसे हिलरी सावरू लागले आणि हेलिकॉप्टरने त्यांना रुग्णालयात हलवण्यात आले. बाकीच्यांनी शिखर गाठून मोहीम पुरी केली. त्याला त्यांनी आकाश पर्वत म्हटले. ज्याच्या नावाने मोहीम ओळखली गेली, तो त्या आकाशाच्या अलीकडेच राहिला.

नाथांची कावड आठवते. एकनाथ महाराजांनी गंगेचे पाणी रामेश्वराला वाहायला नेले आणि वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा मराठी घरात आजी-आजोबा सांगत आले आहेत. कावड ठरल्या ठिकाणी पोचली नाही म्हणून नाथांची यात्रा वाया गेली असे आजवर कोणी म्हटलेले नाही. हिलरींनीही पुढे या प्रवासावर पुस्तक लिहिले, त्यावर चित्रपट निघाला आणि 1985 ते 1989 या काळात ते न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीत राहायला आले. 11 जानेवारी 2008 रोजी वयाच्या 88 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शेर्पांच्या गावांतल्या शाळा आणि रुग्णालये मागे आहेत. पीटर पुढे स्वतः एव्हरेस्ट चढला.

तोच प्रवास आज कोणी करू म्हटले तर? खालची वाट एका अर्थाने सोपी झाली आहे. प्रयागपासून हल्दियापर्यंतची गंगा 1986 पासून पहिला राष्ट्रीय जलमार्ग आहे आणि काशीच्या घाटांसमोरून प्रवासी जहाजेही जातात. डिझेलच्या धुराने घाटावरची माणसे कंटाळली, तेव्हा नाविकांच्या पुष्कळ बोटींना गॅसवर चालणारी इंजिने बसली. वरचे मात्र चित्र पालटले आहे. 2013 च्या जूनमधल्या केदारनाथच्या महापुराने मंदाकिनीचे आणि तिच्या खालच्या अलकनंदेचे पात्र गाळाने आणि धोंड्यांनी भरून टाकले. 1977 च्या कितीतरी धारा आज त्या जागी नाहीत, नव्या तयार झाल्या आहेत. कोणाच्या जुन्या टिपणांवर विसंबून तिथे नाव घालणे वेडेपणाचे ठरेल. आणि गढवालमधल्या श्रीनगरजवळ अलकनंदेवर 330 मेगावॅटच्या वीज प्रकल्पाचे धरण उभे आहे. 2015 पासून तिथे वीज तयार होते. धारी देवीच्या मंदिरालाही त्या जलाशयासाठी मूळ जागेवरून वर उचलावे लागले. समुद्राकडून येणाऱ्या नौकेला आता नंदप्रयागच्या धबधब्यापर्यंत पोचताच येत नाही. त्याच्या कितीतरी खाली, श्रीनगरच्या भिंतीशीच, नाव पाण्याबाहेर काढावी लागते.